होळीत गेलेली काकडी

आमच्या काकडीबद्दल मी जे सांगतो त्यातलं निम्मं सोडून द्या, असं आमची मंडळी येणाऱ्या पाहुण्याला चहाआधीच बजावून ठेवते. निम्मं सोडलं तरी काकडी माणसाच्या मांडीएवढी भरते, त्यामुळं माझी काही तक्रार नसते.

उत्रोलीला आमची खाचरं सगळी भाताची. वरच्या अंगाला माळाचा एक वरकस तुकडा आहे, तिथं नाचणी. त्या नाचणीच्या पायाशी ही काकडी पसरायची. मांडव नाही, काठी नाही, खत नाही. भाद्रपद उजाडला की नाचणीत पाय ठेवायची सोय नसे. एका साली एक काकडी पानाखाली लपून राहिली आणि मनाला येईल तेवढी वाढली. मी आणि माझ्या चुलतभावानं ती काठीला झोळी बांधून, डोलीत म्हातारं माणूस न्यावं तशी खांद्यावर घेऊन खाली आणली. वाटेत एक गाववाला भेटला. त्यानं टोपी काढली आणि हळू आवाजात विचारलं, "कोण आजारी हाय?"

"काकडी," मी म्हणालो.

"मंग भोरला न्या लवकर," तो म्हणाला आणि वाट सोडून उभा राहिला.

त्या काकडीची कोशिंबीर सगळ्या भावकीनं खाल्ली, सालं बैलांनी खाल्ली, आणि बैल दुसऱ्या दिवशी कडब्याकडं बघेनात. खोटं वाटत असेल तर बैलांना विचारलं असतं, पण आता बैल नाहीत, पॉवर टिलर आहे आणि तो बोलत नाही.

ही काकडी मूळची आमची नव्हे. ती आईबरोबर आली. आईचं माहेर हिरडोशीच्या अंगाला, नदीकाठी. ते गाव पुढं धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की घरांची जोती वर येतात, लोक बघायला जातात, फोटो काढतात. आई एकदाही गेली नाही. "दगडाला काय बघायचं?" म्हणते. तिच्या आईचा फोटो कुणी काढलेला नाही. दागिना म्हणाल तर एक डोरलं होतं, ते थोरल्या मामांच्या घरात गेलं. लग्नात ओटी भरताना त्या माउलीनं तांदूळ-नारळाबरोबर काकडीच्या बियांची एक पुरचुंडी आईच्या पदरात टाकली, तेवढंच तिचं म्हणून आईकडं उरलं. वर्षाच्या वर्षाला भाद्रपदात पहिली काकडी चिरली की आई पहिला घास तोंडात धरून डोळे मिटायची. आम्ही पोरं म्हणायचो, आईला देव दिसतोय. आता कळतं, देव नव्हता, तिची आई होती.

आमच्याकडं काकडीचं बी ठेवायची रीत अशी: एक काकडी वेलावरच राहू द्यायची, तिची साल तांबूस होऊन जाळी धरेपर्यंत. मग बिया काढून, धुऊन, सावलीत वाळवायच्या. शेणात राख कालवून बिया त्यात मिसळायच्या, भाकरीएवढी थापी करायची आणि चुलीच्या वरच्या भिंतीला चिकटवून द्यायची. वर पाच बोटं उमटवायची, की ओळखू येते. शेण-राखेनं किडा लागत नाही, धुरानं ओल लागत नाही. मृगाच्या तोंडावर थापी उतरवायची, फोडायची, पेरायची. आईच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर अशा थाप्या असायच्या की लांबून वाटावं, भिंतीलाच भाकऱ्या लागल्यात.

मागच्या पावसाळ्यात पाऊस असा लागला की आमच्या माळावर बेडकांनीसुद्धा छत्र्या मागितल्या. वेल कुजला. एक काकडी हाताला लागली नाही. आई म्हणाली, "असू दे, आदल्या सालचं बी हाय की." तेवढ्या थाप्यांवर सगळी मदार होती. आणि त्यात आमच्या मंडळींनी स्वयंपाकघराच्या भिंतीला फरशी बसवायचं काढलं. थाप्या जपून उतरवल्या आणि पडवीत, गवऱ्यांच्या शेजारी, रचून ठेवल्या.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. आम्ही मात्र ओळखलं नाही.

होळीला आमच्याकडं पोरं घरोघर गवऱ्या मागत फिरतात. घरोघर गॅस आल्यापासून गवऱ्या थापतं कोण? त्यामुळं बहुतेक घरं पोरांच्या हातावर लाकडाचा ढलपा ठेवून दार लावतात. पण होळीचं पोरगं आमच्या दारातून रिकामं गेलं नाही, ही आईची मिजास. तिच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा काढायचा होता. पोरांनी आरोळी ठोकली, "म्हातारे, होळीला गवरी!" आई तरातरा पडवीत गेली, दोन्ही हातांनी रास उचलली आणि देऊन टाकली. पोरं खूश. आई त्याहून खूश. दिवसभर सांगत होती, "आख्ख्या आळीत आपल्या घरच्या जास्ती."

संध्याकाळी होळी पेटली. नैवेद्य झाला, नारळ पडला, बोंबा सुरू झाल्या. आई नऊवारी सावरून पुढंच उभी. आणि जाळातून आवाज आला: तड. मग तडतड. मग लाह्या फुटाव्यात तसा तडतडाट. आणि एक वास सुटला, भाजक्या बियांचा, खमंग. माणसं म्हणायला लागली, कुणीतरी भुईमूग टाकला का रे?

आई एकटी हलली नाही. माझा दंड धरून म्हणाली, "काकडी."

"काय?"

"माझी काकडी जळतीया रं."

मी जाळात शिरलो. शिरलो म्हणजे काय, होळीचाच ओंडका उपसून ढोसलं, दोन थाप्या बाहेर ओढल्या. त्यात माझी डावीकडची मिशी गेली. ती पुन्हा आली, पण तेव्हापासून उजवीपेक्षा जरा रुसलेलीच असते. थाप्या फोडल्या. आत कोळसा. लोक अजून बोंबा मारत होते आणि आमच्या घराला वेगळी बोंब मारायची गरजच राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सगळा गाव धुळवडीत, आणि आई होळीच्या राखेत चाळण घेऊन बसली. थोड्या बिया निघाल्या. तिनं त्या ओल्या फडक्यात बांधून मांडीवर ठेवल्या, कोंबडी अंडी उबवते तशा. एकीलाही मोड आला नाही. मग आई गप्प झाली. आमची आई म्हणजे तिनं अंगणात शिंकलं तरी भोरच्या एसटी स्टँडवर माणसं "शतायुषी व्हा" म्हणतात. ती गप्प झाली तसं घर खायला उठलं. कुणाला ती बोल लावेना, पोरांना नाही, फरशीला नाही, सुनेलाही नाही. त्याचीच आम्हाला जास्त भीती वाटली. आमची मंडळी तर मला म्हणाली, "अहो, त्यांना सांगा मला शिव्या घाला, पण बोला."

शेवटी मीच म्हणालो, "आये, अक्काकडं असंल की बी."

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, वेल्ह्याच्या वाटेवर मार्गासनीला दिलेली. तिच्या लग्नात आईनंही तिच्या ओटीत तीच पुरचुंडी टाकली होती.

आईनं मान वर केली. "खबरदार! लेकीच्या ओटीत टाकल्यालं बी माघारी मागत न्हाईत. तिचा बी वेल सुकतो नि आपला बी."

"मग मी मागत न्हाई. नुस्ता जाऊन येतो."

"तोंडानं मागायचं न्हाई."

"न्हाई."

"डोळ्यानं बी मागायचं न्हाई. तुजं डोळं लई बोलत्यात."

ही रीत आमच्या घरात पक्की आहे. पण तिच्याच शेजारी दुसरी एक रीत आहे, आणि माझ्यासारखा माणूस दोन रितींच्या मधल्या फटीतून बैलगाडी काढतो. ती दुसरी रीत अशी, की कुणी आपल्या हातावर बी ठेवलं तर त्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही. आपल्या घरातलं बी त्याच्या हातावर ठेवायचं. कुठलं, ते देणाऱ्यानं ठरवायचं. मागणं नाही, उसनवारी नाही, नुसती अदलाबदल. मी एका फडक्यात पावट्याचं बी बांधलं, दुसऱ्यात वालाचं, आणि उत्रोलीहून भोर, भोरहून हायवेला नसरापूरचा फाटा, तिथून वेल्ह्याची गाडी, असा चैत्राच्या उन्हात मार्गासनीला उतरलो.

अक्काच्या घराशी गेलो नि बघतच राहिलो. विहिरीच्या पाण्यावर दारातच मांडवाला काकडी लागलेली. आखूड, गर्द हिरवी, एका मापाची, साच्यातून काढल्यासारखी. पुड्यातलं बी. घराला स्लॅब पडलेला, भिंतींना रंग, स्वयंपाकघरात छातीपर्यंत फरशी. भिंतीला थापी चिकटवायची तर तीच लाजून खाली पडली असती.

"आज कसं काय लेका वाट चुकलास?" अक्का म्हणाली.

"तुझी आठवण आली."

"व्हय? मागल्या दिवाळीपासनं आली न्हाई, आज बरी आली."

मी पावट्याची पुरचुंडी तिच्या हातावर ठेवली. तिनं उघडून पाहिली, "छान हाय की," म्हणाली, आत गेली आणि येताना मूठ भरून घेऊन आली. माझा जीव पायरीवर येऊन बसला. तिनं मूठ माझ्या हातावर उघडली.

हुलगे.

"काय, ऊन लई हाय न्हाई?" मी म्हणालो. "अशा उन्हात कायतरी गार खावंसं वाटतं. पाणीदार. लांबुळकं."

अक्कानं ताक आणून दिलं.

मी वालाची पुरचुंडी काढली. तिनं घेतली, वाखाणली, आत गेली आणि राजगिऱ्याचं बी आणलं. आता माझ्याकडं दोन्ही फडकी रिकामी आणि खिशात भलतीच बियाणी. अक्का चुलीकडं वळली तसा मी हळूच पडवीत गेलो. तिथं कोथिंबिरीसाठीचे धने वाळत होते. चिमूटभर उचलले, फडक्यात बांधले, आणि नुकतेच गावाहून आणल्यासारखे तिच्यापुढं केले.

अक्कानं वास घेतला. "आमचंच धनं आमालाच?"

"आमचे धने तुमच्यासारखेच असतात."

"असतील की." ती आत गेली आणि भेंडीचं बी घेऊन आली.

मग दाजी जेवायला आले. दाजी म्हणजे सज्जन माणूस, त्यांना वाटलं मेव्हण्यानं बियाण्यांचं दुकान टाकलंय. "आमच्याकडं मका बी हाय," म्हणून त्यांनी एक कणीसच माझ्या पिशवीत टाकलं. दुपारपर्यंत माझ्या पिशवीत उभ्या महाराष्ट्राचं पीक जमलं. फक्त काकडी नव्हती.

जेवण झाल्यावर अक्का माझ्यासमोर येऊन बसली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. ती अशी हसली की वर पत्रे असते तर उडाले असते, स्लॅब होता म्हणून निभावलं.

"येड्या," ती म्हणाली, "होळीची राख गार व्हायच्या आधी तुमच्या शेजारच्या वैनीनं मला मोबाईल केला व्हता. तू एसटीत बसायच्या आधीच मला ठावं व्हतं."

"मग दे की!" तोंडातून गेलं आणि मी जीभ चावली.

"मागितलंस?"

"न्हाई! म्या कुठं मागितलं? म्या म्हणलं... पाणी दे की."

तिनं पाणी दिलं. मग तिचं हसू ओसरलं. "हे बघ भाऊ, आये हितं कधी आली ती आठवतीया तुला? माझ्या धाकट्याच्या बारशाला. त्याला आता मिशा फुटल्या. दरसाली म्हणती, पुढच्या महिन्यात. एसटी लागती म्हणती. मामांच्या नातवाच्या लग्नाला बरी एसटी लागली न्हाई! ज्याचं बी जळलं त्यानं यावं. तुज्या पिशवीतनं पाठवायला म्या काय दुकान घातलंय?"

"पण हाय का तुज्याकडं? तेवढं तरी सांग."

"असंल. नसंल." तिनं भांडी उचलली.

दारातल्या त्या आखूड काकड्यांकडं बघत मी परत निघालो. बहिणीचं बरोबर होतं, आणि तरी तिच्याकडं बी खरंच असेल की नुसताच राग असेल, काही कळेना. नसलं तर आईला तिथवर नेऊन मी काय दाखवणार होतो?

आई दारातच बसली होती. तिनं पिशवी हातात घेतली, एकेक बी चाचपलं, पिशवी खाली ठेवली. मी म्हटलं असतं, "अक्का तुला बोलावतीया," तर ती म्हणाली असती, "पुढच्या महिन्यात." म्हणून मी थोडी फोडणी दिली.

"आये, अक्का म्हणत व्हती, आता कुठं ती गावठी काकडी लावताय? पुड्यातलं बी आणा. दारातच लावलीय तिनं. म्हणाली, तीच चवीला बरी."

आई उठली. गेल्या महिन्यात तिला एवढ्या जोरात उठताना कुणी पाहिलं नव्हतं. "काय म्हणाली?"

"चवीला बरी."

"माज्या पोटची पोर? माज्या आयेची काकडी खाऊन वाढलेली? कुठाय माझी चप्पल!"

त्या दिवशी तिला थांबवायला दोघं लागले. दुसऱ्या दिवशी मी भोरच्या माझ्या दोस्ताचा टेम्पो सांगितला. त्याची नुकतीच ईद झाली होती, शीरखुर्म्याचा डबा घेऊनच आला. आई पुढं खिडकीशी बसली, नाकाशी लिंबू, मांडीवर एक बोचकं. टेम्पो लागू नये म्हणून ती सगळी वाट शिव्या देत होती. दोस्त म्हणाला, "मावशी, तुमच्या शिव्यांवर गाडी चालतीय. डिझेलचा काटा हलला न्हाई." नसरापूरच्या फाट्याला मी खाली उतरून बघितलं, काटा थोडासा वरच गेला होता.

मार्गासनीला अक्का दारात उभी. आई खाली उतरली. माझ्या अंदाजानं आता वीज पडणार होती. आई मांडवापाशी गेली, त्या आखूड काकडीला हात लावला, एक तोडली, कडाकडा चावली आणि थुंकली.

"ही बरी व्हय गं चवीला?"

अक्कानं माझ्याकडं पाहिलं. मी आभाळाकडं पाहिलं.

"आये, म्या असं म्हणाले?"

"हा म्हणाला."

"ह्याच्या बोलण्यात चाळण धर आये. ती पुणेवाल्यांना विकायला लावलीया. आमी घरात खात न्हाई." आणि अक्का एकदम पुढं झाली आणि आईच्या पायावर वाकली, ती बराच वेळ उठली नाही. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. आमच्या घरातल्या दोन बाया एका जागी गप्प, हा प्रसंग पंचांगात नोंदवण्यासारखा होता.

जेवण झालं. आईनं धाकट्याच्या मिशांपासून गाईच्या वेतापर्यंत सगळ्याची चौकशी केली. काकडीचं नाव काढलं नाही. अक्कानंही नाही. शेवटी आई म्हणाली, "पोरी, आलीया तर तुजी ओटी भरते." आणि तिनं ते बोचकं सोडलं. आत तांदूळ नव्हता, भात होता. टरफलासकट, निवडलेला, पेरणीचा. तिनं नारळ ठेवला आणि ओंजळीनं ते भाताचं बी अक्काच्या पदरात घातलं.

मी मनात टाळी वाजवली. मी दोन फडकी घेऊन जे करू पाहत होतो ते म्हातारीनं एका ओंजळीत केलं. मागितलं नाही, आणि आता तिचा हात रिकामा पाठवणं कुणाला शक्य नव्हतं.

अक्का ओटी सावरत उठली. "चल आये, मागं."

मागं गोठा होता. मी त्या दिवशी ओट्यावर ताक पीत बसलो होतो, मागं गेलोच नव्हतो. गोठ्याची भिंत जुनी, मातीची. त्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत थाप्या. प्रत्येकीवर पाच बोटं. आई जवळ गेली, तिनं आपली बोटं एका थापीच्या ठशावर ठेवून पाहिली. बरोबर बसली. अक्काचा हात आईसारखाच.

"एवढं?" आई म्हणाली.

"एवढंच न्हाई." अक्कानं दाराशी जाऊन हाक मारली, "अगं या गं! आली!"

आणि आळीतल्या बाया आल्या, म्हाताऱ्या, सुना, एक तर भाकरीचं पीठ लागलेल्या हातानं. प्रत्येकीच्या हातात थापी. कुणी अक्काकडून बी नेलं होतं, कुणी तिच्याकडून नेलेल्या बाईकडून. एक म्हातारी आईला निरखून म्हणाली, "ह्या व्हय उत्रोलीच्या काकडीच्या आई?"

"उत्रोलीची न्हाई गं बायांनो," आई म्हणाली, "हिरडोशीकडली हाय ती."

"हितं समदी उत्रोलीचीच म्हणत्यात."

आई तिथंच बसली. गोठ्याच्या दगडावर बसून ती त्यांना आपल्या आईचं सांगायला लागली. नदीकाठची नाचणी, तिच्या आईनं काकडीला हाक मारल्यासारखं बोलायचं, कडू निघाली तर तिलाच रागवायचं, आणि गाव उठलं तेव्हा दुसऱ्यांनी दारं-खिडक्या काढून नेल्या, तिच्या आईनं मात्र परसातल्या वेलाचं सगळं बी काढून लेकीसुनांत वाटलं. यातलं काही मी आधी कधी ऐकलं नव्हतं. मी, जो सगळ्या तालुक्याला गोष्टी सांगत फिरतो, तो तोंड उघडं टाकून बसलो. बाया एकेक करून पुढं येत होत्या आणि आईच्या पदरात थापी ठेवत होत्या. पदर भरला तेव्हा दोस्ताचा टेम्पोतला पंचा आणला.

परतीच्या वाटेवर आईनं लिंबू फेकून दिलं. एकदाही शिवी दिली नाही. टेम्पो मात्र नीट चालला.

खरं तर इथंच सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण काकडीचं बी म्हणजे माणसासारखं असतं, आईबाप बघून घ्यावे लागतात. मधमाशी पुड्याच्या काकडीच्या फुलावरून उठते, आपल्या फुलावर येऊन बसते, आणि पुढच्या साली आई आपली, बाप भलताच. अक्काच्या दारातला तो मांडव मला झोपू देईना. आईलाही देत नसणार. मृगात तिनं प्रत्येक घरच्या थाप्यांचं बी वेगळ्या ओळीत लावलं आणि ती दिवसाआड माळावर जाऊन पानं चाचपायची. दुसरा मोतीबिंदू तिनं तेवढ्यासाठी घाईनं काढून घेतला. डॉक्टरांना म्हणाली, "श्रावणाच्या आत दिसलं पायजे."

वेल चांगला माजला. माझ्या हिशेबानं त्यानं एकदा ओढा ओलांडून पलीकडच्यांच्या भातात डोकावून पाहिलं. भाद्रपदात अक्का गौरीला आली. त्या दिवशी पाऊस थांबला होता, आणि आम्ही सगळे माळावर गेलो. आईनं नाचणीत हात घालून एक काकडी खुडली. लांब, फिकट, पांढऱ्या रेघांची. दिसायला तीच. पण दिसण्यावर कोण जातं?

तिनं विळ्यानं शेंडा कापला, तो घासून घासून फेस काढला आणि फेकला. मग एक फोड काढली. मीठसुद्धा लावलं नाही. तोंडात घातली.

आम्ही थांबलो. समोरच्या डोंगरावरचे ढगही थांबले, हे मी शपथेवर सांगतो.

आईनं डोळे मिटले नाहीत. ती चावत होती आणि समोर नुसती बघत होती. मग तिनं दुसरी फोड काढली. मग तिसरी. आमच्या आईनं आयुष्यात पहिला घास सोडला तर पुढची काकडी कधी स्वतः खाल्ली नाही. आम्हा पोरांना, मग नातवंडांना, मग आल्यागेल्याला, आणि उरलंच तर तिला. आता ती एकामागून एक फोड चिरत होती आणि कुणाला विचारत नव्हती.

"आये, कशी हाय सांग की," अक्का म्हणाली.

"गप. खाऊ दे."

तिनं देठापर्यंत सगळी संपवली. देठाशी जरा कडू लागली असावी, कारण तिनं तोंड वाकडं केलं आणि तिची आई रागवायची तसं काकडीलाच काहीतरी पुटपुटली. मग विळा पदराला पुसला, माझ्याकडं पाहिलं आणि नाचणीकडं हात केला.

"दुसरी आण," म्हणाली.

मी धावलो. अक्का माझ्या पुढं होती.